शिशाचा हिशोब

मागच्या महिन्यात अमेरिकेतल्या मुक्कामाबद्दल लिहिताना लेकीच्या शेजारी राहणाऱ्या आजोबांचा ओझरता उल्लेख केला होता. हे गृहस्थ गॅरेजमध्ये बसून बंदुकीची काडतुसं घरच्या घरी भरतात, एवढंच एक वाक्य. बाकी ग्रँड कॅन्यनवर दोन पानं लिहिली होती, त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. पत्रं आली ती सगळी या एका वाक्यावर! पुण्याच्या भाच्याने लिहिलं, "मामा, जन्मभर मुलांना अहिंसेचे धडे दिलेत आणि आता काडतुसांचं कौतुक?" एका ब्लॉगवाल्या मित्राला ते नेमकं करतात कसं हे सविस्तर हवं होतं. आणि नाशिकच्या वहिनींनी सरळ विचारलं, "भावजी, शिसं म्हणजे विष ना हो? मग ते घरात वितळवतात कसं?"

तिघांनाही एकदमच उत्तर देतो. आणि माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. हे काम चेष्टा करण्यासारखं मुळीच नाही, शिकण्यासारखं बरंच आहे त्यात. पण शिशाची गोळी रानात झाडू नये. आणि हे त्या माणसाला पटवायचं असेल तर आधी त्याचं काम नीट समजून घ्यावं लागेल.

आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर. तिकडे ऐंशीच्या माणसालाही नावाने हाक मारतात, मला ते काही जमलं नाही. मी त्यांना 'सर' म्हणे, ते मला 'टीचर'. त्यांच्याकडे वडिलांची एक रायफल आहे, विंचेस्टर कंपनीचं १८९४ सालचं मॉडेल. जॉन ब्राउनिंग नावाच्या विलक्षण कारागिराची ही रचना. सत्तर लाखांहून जास्त विकल्या गेल्या म्हणतात, म्हणजे तिकडे ग्रामीण भागात ती आपल्याकडच्या ॲटलस सायकलसारखी घरोघरची वस्तू. हिला लिव्हर ॲक्शन म्हणतात. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढून वर केली की रिकामी पुंगळी बाहेर आणि नवं काडतूस आत. विज्ञानाचे सर रजेवर असले की मी त्यांचा तास घ्यायचो, तेव्हा तरफेचं उदाहरण म्हणून अडकित्ता आणि पहार सांगायचो. हे उदाहरण तेव्हा माहीत असतं तर मागच्या बाकावरची मुलंही जागी राहिली असती!

या रायफलीत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या एका नळीत, एकामागे एक अशी, आगगाडीच्या डब्यांसारखी बसतात. म्हणजे मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेलं. आणि बुडाच्या मधोमध असतो प्रायमर, ठोका बसला की पेटणारा. गोळी अणकुचीदार असली तर धक्क्याने पुढचं काडतूस नळीतच उडू शकतं. म्हणून या रायफलीची गोळी पारंपरिकरीत्या चपट्या तोंडाची. कामाची गरज वस्तूला कसा आकार देते, याचं इतकं चांगलं उदाहरण मी पाहिलं नव्हतं.

आता भरण्याची रीत. उडवलेलं काडतूस टाकून द्यायचं नसतं. पितळी पुंगळी पुन्हा पुन्हा वापरता येते. ती साफ करायची, जुना प्रायमर काढायचा, आवाने फुगलेली पुंगळी पोलादी साच्यात दाबून मूळ मापाला आणायची, नवा प्रायमर बसवायचा, मोजून दारू घालायची, वर गोळी बसवायची आणि पुंगळीची कड आत दाबून तिला घट्ट धरायचं. ही कड नीट दाबली नाही तर त्या नळीतल्या स्प्रिंगच्या रेट्याने गोळी आत सरकते, दाब वाढतो आणि घात होतो. शिशाची गोळी मऊ, म्हणून बसवण्याआधी पुंगळीचं तोंड किंचित रुंद करायचं, नाहीतर कड गोळीला खरवडते. गोळी नळीच्या मापाहून इंचाच्या एक-दोन हजारांश भागाने जाड हवी, म्हणजे मागून वायू निसटत नाही. तिच्या अंगावरच्या खाचांत मधमाशांच्या मेणाचं वंगण. दारू किती हे स्वतःच्या मनाने ठरवायचं नाही, छापील पुस्तकात पाहायचं. आणि गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत विजेरी मारून बघायचं, कारण एकीत चुकून दुप्पट पडली तर रायफलही जाते आणि डोळाही.

वजनं सगळी 'ग्रेन'मध्ये. हे माप ऐकून मला आमच्या लहानपणच्या सराफाची आठवण झाली. इंग्रजांनी १८३३ साली तोळा ठरवला तो १८० ग्रेनचा. आजोबांची गोळी १७० ग्रेनची, म्हणजे अकरा ग्रॅम, तोळ्याला पंधरा आणे भरेल. आणि दारू मोजताना ते दशांश ग्रेनचा फरक चालवून घेत नाहीत. दशांश ग्रेन म्हणजे गुंजेचा जवळजवळ विसावा हिस्सा! सोनारसुद्धा इतकं बारीक तोलत नसेल.

गोळीसाठी नुसतं शिसं चालत नाही, फार मऊ पडतं. त्यात थोडं कथील आणि अँटिमनी लागतं. पूर्वी टायरवाल्यांकडे चाकाला लावायची शिशाची वजनं मिळायची, आता तिथेही पोलाद आणि जस्त आलं. पण त्यांच्या डब्यात सर्वांत जपून ठेवलेली लगड होती ती छापखान्यातल्या लायनोटाइप धातूची. ८४ भाग शिसं, १२ भाग अँटिमनी, ४ भाग कथील. मी ती हातात घेतली आणि बघतच राहिलो. आपली क्रमिक पुस्तकं, दिवाळी अंक, निर्णयसागरची पंचांगं ज्या खिळ्यांनी छापली गेली, ते खिळेही याच तीन धातूंचे. इकडे छापखाने ऑफसेट झाले आणि खिळे भंगारात गेले. तिकडेही छापखाने बंद पडले आणि अक्षरांच्या गोळ्या झाल्या. यावर फार तत्त्वज्ञान करत नाही. असो.

हे सगळं खर्च वाचवायला करतात का? थोडंफार. २०२० आणि २०२१ साली तिकडच्या दुकानांतून काडतुसं गायब झाली होती, तेव्हा आजोबांचं काही अडलं नाही. पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे टाकून द्यायचं नाही ही वृत्ती. जुन्या धोतराची पायपुसणी आणि पाठकोऱ्या कागदांच्या वह्या करणाऱ्या पिढीला ती वेगळी समजावून सांगायला नको. भाच्याला माझं सांगणं इतकंच की आजोबा वर्षाला एक हरीण मारतात, तेही परवान्याच्या सोडतीत नाव निघालं तर, आणि ते वर्षभर खातात. मी शाकाहारी आहे, मला ते जमणार नाही. पण फ्रीजमधलं चिकन प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणणाऱ्याने त्यांना अहिंसा शिकवावी, हेही मला जमत नाही.

इथवर कौतुक झालं. आता दुसरी बाजू.

हरीण पाडलं की शिकारी ते जागेवरच साफ करतात आणि आतडी-कोथळा तिथेच टाकून येतात. ते खायला येतात गिधाडं, गरुड, डोमकावळे. अॅरिझोनात येतो तो कॅलिफोर्निया कॉन्डॉर. पंखांचा पसारा साडेनऊ फूट. ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर मी एक पाहिला, पंखावर नंबराचा बिल्ला लावलेला. बिल्ला का, तर प्रत्येक पक्ष्याची नोंद ठेवावी लागते, इतके ते थोडे. १९८२ साली जगात २२ उरले होते. १९८७ साली रानातला शेवटचा पक्षीही पकडून पिंजऱ्यात आणला, तेव्हा एकूण संख्या २७. पिंजऱ्यात वीण वाढवून १९९२ पासून कॅलिफोर्नियात आणि १९९६ पासून अॅरिझोनात पुन्हा सोडायला सुरुवात केली. आज ते पाचशेच्या वर आहेत आणि त्यातले निम्म्याहून जास्त मोकळे आहेत. आणि मोकळ्या पक्ष्यांच्या मरणाचं पहिलं कारण कोणतं? शिसं.

गोळी हाडामांसात शिरताना तिचे कण सुटतात, काही तर डोळ्यांना दिसतही नाहीत. पक्ष्याच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र की ते कण विरघळतात आणि रक्तात जातात. मग पचनाच्या स्नायूंनाच लकवा होतो. गळ्याची पिशवी भरलेली आणि पक्षी उपाशी मरतो. कॉन्डॉर सहाव्या वर्षाच्या सुमारास वयात येतो आणि एका वेळी एकच अंडं घालतो, त्यामुळे एकेक मोठा पक्षी गेला तरी घाव खोल. आणि हे फक्त कॉन्डॉरचं नाही. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेच्या ३८ राज्यांतल्या बाराशेहून जास्त गरुडांचा अभ्यास आला. त्यात जवळपास निम्म्या गरुडांत दीर्घकाळ साठत गेलेल्या शिशाची लक्षणं आढळली.

हे मी आजोबांपुढे मांडलं तेव्हा त्यांनी तीन मुद्दे काढले. तिन्ही विचार करण्यासारखे आहेत.

पहिला मुद्दा, "माझी गोळी सावकाश जाणारी, अख्ख्या शिशाची. ती फुटत नाही. चुरा होतो तो वेगवान रायफलींच्या, वरून तांब्याचं पातळ कवच असलेल्या गोळ्यांचा." यात तथ्य आहे. वेग कमी असला की कण कमी सुटतात. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. हाडावर बसली तर तीही तुटते. आणि जखमी होऊन निसटलेलं हरीण दरीत मेलं तर अख्खी गोळीच गिधाडाच्या पुढ्यात.

दुसरा मुद्दा, "तांब्याची गोळी मी घरी कशी ओतू?" हेही खरं. शिसं ३२७ अंशांना वितळतं, तांब्याला १०८५ अंश लागतात. बिस्मथ आणि कथील यांचं मिश्रण घरी ओतता येतं, पण महाग आणि ठिसूळ. म्हणजे शिसं सोडायचं तर ओतण्याची कला शिकारीपुरती सोडावी लागते. माझं म्हणणं, सोडावी. वर्षाला एक हरीण, त्याला गोळ्या लागतात किती? नेम जुळवायच्या धरून डझनभर. चपट्या तोंडाच्या तांब्याच्या गोळ्या विकत मिळतात. पुंगळी, दारू, प्रायमर, तोलकाटा आणि विजेरी, सगळं त्यांचंच राहतं. ओतलेल्या शिशाच्या गोळ्या खुशाल निशाणावर माराव्यात. तिथे मागच्या मातीच्या बांधातून शिसं पुन्हा गोळा करता येतं, हे आजोबांनीच मला सांगितलं होतं!

तिसरा मुद्दा मनातला होता. "आज शिसं, उद्या रायफल." हा संशय हसण्यावारी नेऊ नये. कॅलिफोर्नियाने कॉन्डॉरच्या टापूत २००८ पासून आणि साऱ्या राज्यात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीवर बंदी घातली. अॅरिझोनाने दुसरी वाट धरली. २००५ पासून राज्याच्या वन्यजीव खात्याने कॉन्डॉरच्या टापूत जाणाऱ्या शिकाऱ्यांना बिनशिशाची काडतुसं फुकट द्यायला सुरुवात केली, आणि कोथळा उचलून आणणाऱ्याला बक्षिसाची सोडत ठेवली. सक्ती नाही. बऱ्याच वर्षी दहापैकी आठ-नऊ शिकाऱ्यांनी साथ दिली. विषबाधा दोन्हीकडे थांबलेली नाही, कारण अनेक पक्षी एकाच मेलेल्या जनावरावर उतरतात आणि एक कोथळाही पुरे होतो. म्हणून मला वाटतं शेवटी नियम लागेलच, उरलेल्या एक-दोघांसाठी. पण आठ-नऊ जणांना बरोबर घेतल्यावरच तो टिकेल.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या गिधाडाचं तुम्हाला काय? तर आपण हे भोगलंय. आमच्या गावाबाहेर ढोरं टाकायच्या माळावर गिधाडं रांगेने बसलेली असायची. नव्वदच्या दशकात ती नाहीशी होत गेली. पांढऱ्या पाठीचं गिधाड तर भारतात ९९ टक्क्यांहून जास्त घटलं. २००४ साली कारण कळलं, जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक. मेलेल्या बैलाच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात जाई आणि मूत्रपिंडं निकामी होत. आता सांगा, बैलाचा पाय दुखतो म्हणून त्याला इंजेक्शन देणारा शेतकरी दुष्ट होता का? मायेनेच दिलं त्याने. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधाच्या उत्पादनावर बंदी आली आणि मेलॉक्सिकॅम हा पर्याय पुढे केला गेला. शेतकऱ्याला कुणी शिव्या दिल्या नाहीत, माया सोडायलाही सांगितलं नाही. औषध बदलायला सांगितलं. आजोबांनाही मी एवढंच सांगत होतो.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे. शिसं विषच आहे, आणि मुलांना जास्त. त्यांच्या रक्तात शिशाची 'सुरक्षित' अशी पातळी नाही, असं तिथलं आरोग्य खातं सांगतं. म्हणूनच रंगातून, पेट्रोलमधून ते काढलं. आपल्याकडे पेट्रोलमधून २००० साली काढलं. आजोबा शिसं वितळवताना गॅरेजचं दार सताड उघडं ठेवतात, हातमोजे आणि चष्मा घालतात, खाणंपिणं वर्ज्य, कपडे वेगळे, आणि सात वर्षांच्या नातवाला त्या वेळी आत मज्जाव. मला वाटलं, झालं की! पण माझी लेक प्रयोगशाळेत काम करते, ती म्हणाली, "बाबा, तेवढ्या आचेला वाफेची भीती कमी. खरी भीती मळीच्या आणि धुळीच्या बारीक पुडीची, हाताला लागून तोंडात जाते. आणि वापरलेल्या प्रायमरमध्येही शिशाचंच संयुग असतं." नातू तर रोज दुपारी न धुतलेल्या रिकाम्या पुंगळ्या ओतून घेऊन मोजत बसायचा. शंभरपर्यंतचे आकडे तो त्यांवरच शिकला होता. मध्येच हाताने बिस्किट खायचा.

मी हे आजोबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुंगळ्यांचा डबा सर्वांत वरच्या फळीवर गेला होता. पुढच्या आठवड्यात सुनेने मुलाचं रक्त तपासून आणलं. आकडा काय आला ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. मुलाला मोजायला मी घरातले राजमे दिले.

रानातल्या गोळीबद्दल मात्र "पटलं" असं ते म्हणाले नाहीत. "विचार करतो, टीचर" एवढंच म्हणाले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी वडिलांची रीत बदलणं सोपं नसतं, हे मी तरी समजू शकतो. पण माझ्या मते निर्णय त्यांच्या स्वतःच्या शिस्तीतच दडलेला आहे. जो माणूस गुंजेचा विसावा हिस्सा तोलतो, प्रत्येक पुंगळीत विजेरी मारून पाहतो, एक लगड वाया जाऊ देत नाही, त्याचा हिशोब नळीच्या तोंडाशी थांबून कसा चालेल? गोळी सुटली म्हणजे ती खर्ची पडली, असं नसतं. ती कुठेतरी जाऊन पडते, कुणाच्या तरी पोटात जाते. ते पंधरा आणे शिसंही त्याच वहीत लिहायला हवं. आणि या कामातली कला शिशात नाही, ती तोलण्यात आणि तपासण्यात आहे. धातू बदलला तरी ती हातातून जात नाही.